नाक चोंदलंय, परीक्षा बारा दिवसांवर, आणि खोलीवर एकच किटली

ताई, नमस्कार. मी बार्शीजवळच्या एका गावचा. दोन वर्षं झाली, सदाशिव पेठेत तिघांत एक खोली घेऊन एमपीएससीचा अभ्यास करतोय. पूर्व परीक्षा बारा दिवसांवर आली आणि नेमकी सर्दी झाली. आज चौथा दिवस. पहिल्या दिवशी घसा खवखवला, मग नळ सोडल्यासारखं नाक वाहिलं, आता ते पार चोंदलंय आणि कालपासून शेंबूड पिवळा-हिरवा येतोय. ताप नाही, पहिल्या रात्री जरा कणकण होती. मेडिकलमधून सर्दीच्या गोळ्या आणल्या, दिवसातून तीन घेतो. डोकं दुखतं म्हणून शिवाय साडेसहाशेची पॅरासिटामॉल तीनदा. तरी पुस्तक उघडलं की डोळे मिटतात. रूममेटने अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्यांची पट्टी दिलीय, अजून फोडलेली नाही. आई रोज फोनवर सांगते, काढा कर, दही-केळं-भात बंद कर. ज्येष्ठमध आणि सुंठ पाठवते म्हणाली. ती स्वतः बीपीची गोळी घेते आणि रोज सकाळी ज्येष्ठमधाचा काढाही पिते, तिला कधी सर्दी होत नाही म्हणे. दुसरा रूममेट म्हणतो, लंघन कर. मेसचा डबा इतका तिखट असतो की घशाखाली उतरत नाही. खोलीवर मॅगी करायची रुंद तोंडाची किटली सोडून काही नाही. काय खाऊ म्हणजे लवकर बरा होईन?
— एक परीक्षार्थी, पुणे ३०

अरे, तुझी परीक्षा आणि या सदराचा वार यांचं काही जमणार नव्हतं, म्हणून यातलं महत्त्वाचं तुझं पत्र मिळालं त्याच रात्री तुला मेलवर कळवलं होतं. इथे ते सविस्तर लिहिते, कारण पेठांमधल्या अर्ध्या खोल्यांत सध्या हेच चाललेलं असणार. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. आहारशास्त्र शिकले आणि पुढे बरीच वर्षं मुलींच्या एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळलं. पावसाळ्यात दोनशे मुलींपैकी पन्नास जणी एकाच वेळी शिंकताना पाहिल्या आहेत.

तू विचारलंस खाण्याबद्दल, पण तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तू जाता जाता लिहून टाकली आहेस. पुस्तक उघडलं की डोळे मिटतात. बाबा, ही झोप सर्दीची कमी आणि गोळीची जास्त आहे.

पट्टी उलटी कर आणि मागचं बारीक अक्षर वाच. आपल्याकडच्या बहुतेक सर्दीच्या गोळ्यांत तीन औषधं असतात: पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन. यातलं तिसरं नाकाचं पाणी आटवतं आणि झोपही आणतं. त्याचा अंमल लवकर ओसरत नाही, रात्री घेतलेली गोळी सकाळी अभ्यासिकेत तुझ्याबरोबर येऊन बसते. तू ती दिवसातून तीनदा घेतोयस आणि मग राज्यघटनेची कलमं डोक्यात राहत नाहीत म्हणून घाबरतोयस. दुसरं औषध नाक मोकळं करण्यासाठी घातलेलं असतं, पण तोंडावाटे घेतलं तर त्याचा नाकाला उपयोग होत नाही, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये एकमताने सांगितलं. आणि पहिलं औषध तू वेगळंही घेतोयस. गोळीत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असेल तर तीन वेळचे झाले १५००. वरून साडेसहाशेच्या तीन, म्हणजे १९५०. बेरीज ३४५०. निरोगी मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम धरतात आणि जो नीट जेवत नाही त्याने तर बरंच अलीकडे थांबावं, कारण हे सगळं यकृताला निस्तरावं लागतं. तू मर्यादा ओलांडलेली नाहीस, पण कठड्याला टेकून उभा आहेस आणि तुला त्याचा पत्ताच नाही.

तेव्हा सर्दीची गोळी बंद. डोकं किंवा अंग दुखलं तर नुसती पॅरासिटामॉल, ती पोटात काहीतरी असताना, आणि दोन गोळ्यांमध्ये सहा तासांचं अंतर ठेवून. नाक चोंदून रात्री झोपच लागत नसेल तर मेडिकलमध्ये नाक मोकळं करणारे थेंब मिळतात, झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन नावाचे. त्यांनी पाच मिनिटांत रस्ता उघडतो. पण तीन रात्री, फार तर चार, त्यापुढे नाही. हे मी अनुभवाने बोलतेय. शिकत होते तेव्हा या थेंबांच्या नादी लागले आणि तीन आठवडे सोडलेच नाहीत. शेवटी अशी वेळ आली की थेंब घातल्याशिवाय नाक उघडेना, सर्दी केव्हाच गेलेली असूनही. नाकाच्या अस्तराला त्यांची सवय लागते आणि औषधाचा जोर उतरला की ते पहिल्यापेक्षा जास्त सुजतं. सवय सुटायला पुढे पंधरा दिवस गेले. मिठाच्या पाण्याचे साधे थेंबही मिळतात, सलाइन ड्रॉप्स म्हणून मागायचे. ते कितीही दिवस वापर.

अ‍ॅझिथ्रोमायसिनची पट्टी घेऊ नकोस. रूममेटचं मन राखायला सुद्धा नाही. ते जिवाणूंवरचं औषध आहे आणि सर्दी विषाणूंनी होते. पिवळा-हिरवा रंग पाहून लोक घाबरतात आणि मेडिकलवालाही तो रंग ऐकला की पट्टी काढून देतो, खरं तर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायचीच नसते. तो रंग येतो तुझ्याच पांढऱ्या पेशींमुळे. विषाणूशी लढायला त्या नाकात गोळा होतात आणि त्यांच्यात एक हिरवट रंगाचं द्रव्य असतं. चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट आणि पिवळा झाला याचा अर्थ सर्दी तिच्या वेळापत्रकाप्रमाणे पुढे सरकतेय. नको तेव्हा हे औषध घेतलंस तर पदरात पडणार एकच गोष्ट, जुलाब. परीक्षेच्या आधी आठ दिवस.

आता खाणं. सरळ उत्तर असं की सर्दी लवकर जाईल असं खाणं नाही. सर्दीचे सगळ्यात मोठे धनी म्हणजे ऱ्हायनो नावाचे विषाणू आणि त्यांचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत. म्हणूनच एकदा झाली की पुन्हा होत नाही असं तिच्या बाबतीत घडत नाही. इंग्लंडमध्ये सॅलिसबरी या गावाजवळ दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, फक्त सर्दीवर संशोधन करणारी एक संस्था निघाली. माणसं दहा दिवस तिथे फुकट राहायला यायची, त्यांच्या नाकात विषाणूचे थेंब घालायचे आणि मग शिंका मोजायच्या. ओल्या अंगाने गार वाऱ्यात सुद्धा उभं केलं त्यांना. चाळीस वर्षांहून जास्त काळ हा खटाटोप चालला, सर्दीबद्दल पुष्कळ काही कळलं, पण तिचं औषध काही सापडलं नाही. तेव्हा तुझ्या रूममेटला किंवा मला ते सापडलं असेल अशी आशा धरू नकोस. साधी सर्दी सात ते दहा दिवसांत जाते. तुझा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होऊन गेलाय. परीक्षेच्या दिवशी तू सोळाव्या दिवसात असशील. थोडा खोकला राहील कदाचित, तो दोन-तीन आठवडे रेंगाळतो.

मग खायचं कशाला? घसा शेकायला, अंगातलं पाणी राखायला, आणि रात्री भुकेने जाग येऊ नये म्हणून. एवढ्या तीनच गोष्टी अन्नाकडून मागायच्या. आणि त्या तुझ्या किटलीत बसतात.

गरम पातळ पदार्थाने बरं वाटतं हा नुसता मनाचा खेळ नाही. वेल्समधल्या कार्डिफच्या सर्दी-संशोधन केंद्राने २००८ मध्ये तीस आजारी लोकांवर एक साधा प्रयोग केला. फळांच्या रसाचं तेच पेय काहींना गरम दिलं आणि काहींना खोलीच्या तापमानाचं. दोन्हींनी नाक वाहणं, खोकला आणि शिंका यांत आराम पडला. पण घसा, थंडी वाजणं आणि थकवा यांवर फक्त गरम पेयाचा उपयोग झाला, तोही लगेच. नाक मात्र यंत्राने मोजलं तेव्हा तेवढंच चोंदलेलं होतं. म्हणजे आराम खरा, पण उपचार नव्हे. आपल्या आज्या हेच करत आल्या, फक्त त्यांच्या पेल्यात फळांचा रस नव्हता.

तुमच्याकडे हुलग्याचं माडगं करतात, बरोबर? कोकणातले लोक त्याच कडधान्याला कुळीथ म्हणतात आणि पिठी करून भातावर घेतात. भाजलेल्या हुलग्याचं पीठ दोन मोठे चमचे घे, वाटीभर गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालव, किटलीत दीड पेला पाणी उकळायला लागलं की त्यात ओत आणि चमच्याने तळ खरवडत सात-आठ मिनिटं शिजव. मधूनमधून किटली बंद करत राहा, नाहीतर उतू जाऊन प्लग भिजेल आणि घरमालक वर येईल. मीठ, जिरेपूड, ठेचलेला लसूण. लसूण परतायची सोय नाही तर कच्चाच ठेचून पाण्याबरोबर उकळ, चव थोडी उग्र लागेल, पण तुझं नाक बंद आहे, तुला कळणार नाही. काही घरांत गूळ घालून गोड करतात, तेही चालेल. हुलग्यात शंभर ग्रॅमला साधारण बावीस ग्रॅम प्रथिनं असतात, त्यामुळे मोठा पेलाभर माडगं प्यायलास तर नुसत्या काढ्यासारखं तासाभराने पोट रिकामं होत नाही. पांढऱ्या पाकिटातल्या सूपपेक्षा हे शंभरपट बरं. ते सूप म्हणजे मक्याचं पीठ आणि मीठ.

ज्यांना चालतं त्यांनी कोंबडीचं आळणी पाणी खुशाल प्यावं. कोल्हापूरकडे पांढरा रस्सा, आमच्याकडे आळणी. अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठातल्या डॉक्टरांनी घरच्या आजीच्या पद्धतीचं कोंबडीचं सूप परीक्षानळीत तपासलं, तेव्हा त्याने पांढऱ्या पेशींची धावपळ थोडी कमी झालेली दिसली. परीक्षानळीत दिसलं म्हणजे माणसात होईलच असं नाही, पण सूप तर छान लागतंच.

किटली लावायचाही कंटाळा आला की सातूचं पीठ. गहू आणि डाळं भाजूनच दळलेलं असतं, शिजवावं लागत नाही. गरम दुधात किंवा पाण्यात कालव, गूळ घाल, झालं. सकाळी अभ्यासिकेत जायच्या आधी दोन मिनिटांचं काम. मेतकूटही भाजलेल्या डाळींचंच. मेसच्या डब्यातला भात किटलीत पेलाभर पाणी घालून मऊ गुरगुट्या होईपर्यंत उकळ, वर मेतकूट, मीठ आणि असलंच तर चमचाभर तूप. मेसवाल्या काकूंना सांग, चार दिवस भाजीऐवजी बिनफोडणीचं वरण द्या. सांगून बघ. वसतिगृहात असं कुणी आजारी मुलीने सांगितलं की आमच्या स्वयंपाकीणबाई पुटपुटायच्या, पण वाटी वेगळी काढून ठेवायच्या. पोळी त्या वरणात कुस्करून दहा मिनिटं झाकून ठेव. तुमच्याकडची कडक भाकरीही अशीच आमटीत भिजवून खातात, आजारपणाचं जेवण म्हणून ती कुणी मोजत नाही, पण दुखऱ्या घशाला याहून सोपं काय असणार.

तिखटाचं म्हणशील तर ते वाईट नाही. मिसळीचा रस्सा भुरकला की नाक धो धो वाहतं आणि दहा मिनिटं जग सुंदर वाटतं. तुझा घसा सोललेला आहे म्हणून आत्ता नको, एवढंच. आणि जेवणाला चव लागत नाही कारण चव म्हणून आपण जे ओळखतो त्यातलं बरंचसं वासाचं काम असतं. आंबट-खारट जिभेला तरीही कळतं. लिंबाची फोड जवळ ठेव.

लंघनाचं म्हणशील तर भूक नसताना एक वेळ अर्धं जेवण झालं म्हणून काही बिघडत नाही आणि जबरदस्तीने ताट संपवूही नये. पण ठरवून उपाशी राहायचं, वर गोळ्या घ्यायच्या आणि रात्री अकराला टपरीवर वडापाव खायचा, याला लंघन म्हणत नाहीत.

दही, केळं, भात. मला माहीत आहे, आईला कार्डिफ आणि नेब्रास्का सांगून उपयोग नाही. तरी तुला सांगते. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला १९९० मध्ये साठ जणांना मुद्दाम सर्दीचा विषाणू दिला, रोज किती दूध प्यायलं ते लिहून घेतलं आणि त्यांचे वापरलेले रुमाल चक्क वजन करून पाहिले. जास्त दूध पिणाऱ्यांचा शेंबूड जास्त निघाला नाही. दूध लाळेत मिसळलं की घशात क्षणभर घट्ट साय बसल्यासारखं वाटतं, त्यालाच आपण कफ समजतो. रात्री हळदीचं दूध प्यायला मिळालं तर पी, हळदीने विषाणू मरतो म्हणून नव्हे, गरम दुधाने झोप बरी लागते म्हणून. दही फ्रीजमधून काढलेलं गारढोण नको, घसा दुखेल. बाकी दही-भाताने सर्दी वाढत नाही. केळं तर तू रोज खावंस. शास्त्री रोडवर हातगाडीवर मिळणारं, न धुता, न चिरता खाता येणारं, गिळायला मऊ, पोटाला आधार देणारं दुसरं फळ सांग मला. हे सगळं खाल्ल्यावर तुला स्वतःला त्रास होतो असं दिसलं तर सोड. प्रत्येकाचा घसा निराळा.

संत्र्याच्या चवीच्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्या तू आणल्या असशीलच, लिहिलं नाहीस तरी. १९७० साली लायनस पॉलिंग या नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञाने क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसांनी सर्दी टळते असं लिहिलं आणि जग त्या गोळ्यांमागे लागलं. पुढे झालेल्या डझनावारी चाचण्यांची बेरीज केली तेव्हा निघालं एवढंच, की जे आधीपासून रोज घेत होते त्यांची सर्दी सुमारे आठ टक्के लवकर संपली. सात दिवसांच्या सर्दीत अर्धा दिवस. सर्दी झाल्यावर सुरू करणाऱ्यांना तेवढंही निश्चितपणे मिळालं नाही. बाजारात आवळे असतील तर मीठ लावून खा, पेरू खा. त्यात मजा तरी आहे.

काढ्याला माझा विरोध नाही, काढ्याच्या अतिरेकाला आहे. करोनाच्या काळात मिरे, लवंग, दालचिनी आणि सुंठ यांचा काळाकुट्ट अर्क दिवसातून चार वेळा पिऊन छातीत जळजळ आणि तोंड आलेली किती माणसं पाहिली. तुझ्यासाठी इंचभर आलं ठेचून, गवती चहाची दोन पाती, असली तर तुळशीची पानं, गुळाचा खडा, पेलाभर पाणी, पाच मिनिटं उकळ. दोनदा पुरे, तेही काही खाल्ल्यावर. गवती चहा मंडईत मिळतो. नाहीच जमलं तर अमृततुल्यमधला आल्याचा चहाही गरम आणि पातळच असतो. फक्त संध्याकाळी सहानंतर नको. खोकला सतावत असेल तर झोपताना चमचाभर मध नुसता चाटायचा. (हे वाचणाऱ्या आयांसाठी: एक वर्षाखालच्या बाळाला मध बोटावरही नको. त्याने बाळाला बोटुलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते.)

वाफ घ्यायची तर उकळत्या किटलीवर तोंड धरू नकोस. वायर, अरुंद कॉट, तिघांचा वावर, आणि अंगावर सांडायला क्षणही लागत नाही. पाणी पसरट भांड्यात ओत, भांडं टेबलावर स्थिर ठेव, मिनिटभर थांब आणि मग पाच मिनिटं घे. बाम पाण्यात घालू नकोस. वाफेने सर्दी आटपत नाही, घटकाभर मोकळं वाटतं, तेवढ्यासाठी घ्यायची. मिठाच्या गुळण्या त्यापेक्षा बिनधोक: कोमट पाण्याच्या पेल्याला अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार वेळा. नाक शिंकरताना एकेक बाजू, हलक्या हाताने. जोर लावून फायदा नाही, कारण चोंदलेल्या नाकात शेंबडापेक्षा सुजलेल्या रक्तवाहिन्यांचीच गर्दी जास्त असते, त्या काही शिंकरून बाहेर येत नाहीत. आडवं झालं की त्या आणखी फुगतात. म्हणून उशीखाली एमपीएससीची दोन जाड पुस्तकं ठेव. वाचून होत नसतील तर उशाशी तरी येऊ देत.

आता मला तुझ्याशी खरं भांडायचंय ते झोपेवरून. तू किती वाजता झोपतोस हे पत्रात नाही, पण मेल पहाटे पावणेतीनला आलाय. अमेरिकेत २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १६४ निरोगी माणसांची झोप आठवडाभर मनगटावरच्या यंत्राने मोजली आणि मग प्रत्येकाच्या नाकात सर्दीचा विषाणू घातला. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचं प्रमाण सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपट निघालं. बंद खिडक्यांच्या अभ्यासिकेत शंभर जण खांद्याला खांदा लावून बसतात, विषाणू सगळ्यांच्याच नाकापर्यंत पोचत असणार. त्यातून तूच का सापडलास, याचं निदान अर्धं उत्तर त्या पावणेतीनमध्ये आहे. दोन दिवस साडेदहाला दिवा बंद कर आणि खोलीतली मच्छर अगरबत्तीही, तिच्या धुराने सुजलेलं नाक आणखी चिडतं. दोन दिवस अभ्यासिकेत जाऊही नको, त्यात तुझंही भलं आणि शेजारच्या परीक्षार्थीचंही. गेलासच तर मास्क लाव आणि पाण्याची बाटली कुणाला देऊ नको. या दोन दिवसांत नवीन काही वाचायला घेऊ नकोस, जुन्या प्रश्नपत्रिका पडल्या पडल्या चाळ.

डॉक्टरकडे कधी जायचं हे मात्र नीट ध्यानात ठेव. धाप लागली, छातीत दुखलं, पाणीही गिळता येईना, ताप १०१ च्या वर जाऊन तीन दिवस राहिला, किंवा बरं वाटून पुन्हा ताप आणि एका बाजूला गाल-कपाळ ठणकायला लागलं तर थांबू नकोस. सणकून ताप आहे, अंग मोडून आलंय, डोळ्यांच्या मागे दुखतंय पण नाक मात्र कोरडं आहे, तर ती सर्दी नव्हे. पुण्यात पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूची शंका आधी घ्यायची, रक्त तपासायचं, आणि तोवर पॅरासिटामॉल सोडून दुसरी वेदनाशामक गोळी घ्यायची नाही. खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला तर, तो बहुधा सर्दीचाच असला तरी, सरकारी दवाखान्यात क्षयासाठी थुंकीची तपासणी मोफत होते, ती करून घ्यायला लाजू नकोस. यातलं काही नसेल तर फी वाचव.

राहिली आई. तिच्या सर्दीची मला काळजी नाही, तिच्या काढ्याची आहे. ज्येष्ठमध गोड लागतो तो त्यातल्या ग्लिसरायझिन नावाच्या द्रव्याने. ते रोज पोटात गेलं की शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम कमी होतं आणि रक्तदाब चढतो. चार दिवस घसा बसला म्हणून काडी चघळली तर गोष्ट वेगळी, पण बीपीची गोळी चालू असताना रोज सकाळी ज्येष्ठमधाचा काढा म्हणजे एका हाताने बादली भरायची आणि दुसऱ्या हाताने उपसायची. त्या गोळीसोबत लघवी जास्त करवणारं औषध असेल तर पोटॅशियम आणखीच खाली जातं. आज फोन करशील तेव्हा स्वतःच्या नाकाचं पुराण आधी लावू नकोस. तिला विचार, शेवटचं बीपी कधी मोजलं आणि किती होतं. मग सांग, काढ्यातून ज्येष्ठमध तेवढा काढ, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे गेलीस की त्यांना हे सांग. तुझं ऐकायची नाही, तर हे वाचून दाखव. तीच सर्दीची गोळी तिनेही कधी मेडिकलमधून मागवू नये, त्यातल्या फेनिलेफ्रिनने बीपी वाढू शकतं.

आणि ती पार्सल पाठवणारच आहे तर यादी बदलून दे. ज्येष्ठमध नको. हुलग्याचं पीठ अर्धा किलो, भाजूनच दळलेलं. मेतकुटाची बरणी. सातूचं पीठ. सुंठ पाठवली तर चालेल, चहात टाक. गुळाची ढेप फोडून डब्यात भरून दे म्हणावं, तुमच्या तिघांच्या खोलीत फोडायला काहीच नसेल.